मदत हवी आहे: इटलीहून गावी आलेली शिपायाची पत्रं (1944-45), क्रम कसा लावायचा?

करडई:
मराठा लाइट इन्फन्ट्रीतल्या शिपायाची घरी आलेली 31 पत्रं आहेत. सहा मोडीत, बाकी बालबोध. काही जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेली. कुठून लिहिलं त्या गावाचं नाव कुठंच नाही, नुसता फील्ड पोस्ट ऑफिसचा (फौजेच्या टपाल कचेरीचा) नंबर. नऊ पत्रांवर तारीख नाही. बैल, पेरणी, मनीऑर्डर एवढंच. अक्षरही दोन-तीन तऱ्हेचं. घड्यांवर फाटलीत, लॅमिनेट करू का?

दप्तरी:
लॅमिनेट नको, ते परत निघत नाही. चिकटपट्टीही नको, तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. जांभळी ती कॉपिंग पेन्सिल. ओल लागली की रंग फुटतो, म्हणून घड्या वाफेवर उलगडू नका. कोऱ्या कागदांत ठेवून वर पुस्तकांचं वजन द्या, आठवडाभर. कडक झालेली घडी जबरदस्तीनं उघडू नका. स्कॅन रंगीत, 600 डीपीआय. पातळ कागदाला मागून काळा कागद लावा, म्हणजे पाठीमागची अक्षरं उमटत नाहीत. पाकीट पत्रापासून वेगळं करू नका, शिक्का त्याच्यावरच असतो.

सेनियोकाठ:
पोस्ट ऑफिसचा नंबर म्हणजे गाव नव्हे. ते ऑफिस फौजेबरोबर हलायचं, त्यामुळे नंबर आणि तारीख जोडीनंच बघावी लागते. त्याआधी पत्त्यात 1/5 आहे की 3/5 ते शोधा, म्हणजे 5व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण की तिसरी. जुलै 1944 मध्ये 3/5 ही टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात होती (यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती लढाई), एप्रिल 1945 मध्ये 1/5 सेनियो नदीवर (तिथं नामदेव जाधव यांना तोच क्रॉस). ठिकाण लिहायला सेन्सॉरची बंदीच होती. सेन्सॉरनं काळं केलेलं खरवडू नका.
अक्षरावरून गठ्ठे मात्र पाडू नका. लिहिता न येणारे दुसऱ्याकडून लिहून घेत, आणि लेखनिक बदलला की अक्षर बदलतं.

दप्तरी:
बिनतारखेच्या नऊ पत्रांत सुरुवातीची पोच बघा: ‘तुमचे अमुक तारखेचे पत्र पावले’. क्रम त्यावरनं लागतो. पेरणीवरनं लावाल तर फसाल. पेरणीची चौकशी लिहिली तेव्हा घरी पेरणी होऊनही गेलेली असू शकते. तिथी आणि शक असेल तर इसवी सनासाठी शकात 78 मिळवा, पौषानंतरच्या महिन्यांना बहुधा 79. शके 1866 चा श्रावण म्हणजे 1944.

करडई:
एकावर 3/5 सापडलं. मोडीचं काय?

दप्तरी:
मोडीत शब्द जोडून लिहितात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. आधी मायना आणि शेवट वाचा, ते ठरलेले असतात. त्यातली अक्षरं ओळखीची झाली की मधलं सुटतं. अडलं तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. मूळ पत्र पाठवू नका, स्कॅन पुरे.