१७२१ चा कुलाबा : कमोडोर मॅथ्यूज का हरला?

प्रश्न (खारा वारा):
थॉमस मॅथ्यूजला इंग्लंडहून मादागास्करच्या चाच्यांच्या बंदोबस्तासाठी धाडलं होतं. तो आला कान्होजी आंग्र्यांवर, तेही पोर्तुगीजांना सोबत घेऊन. एवढी तयारी असून अलिबागचा कुलाबा किल्ला का पडला नाही?

गलबतवाला:
आधी एक सांगतो, इंग्रजांसारखं कान्होजींना चाचा म्हणू नका. ते सरखेल होते, छत्रपतींच्या आरमाराचे प्रमुख. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय कोकण किनाऱ्यावर व्यापार करू नये, हा त्यांचा हक्काचा आग्रह होता. इंग्रजही मुंबईत स्वतःचे परवाने देतच होते, मग चाचा कोण?

आता लढाई. अलिबागला ओहोटीत एकदा किल्ल्यापर्यंत चालत जा. घोट्याएवढं पाणी, खाली टणक खडक. भरती आली की तीच वाट बुडते. मोठं जहाज तटाजवळ येणार कसं? आंग्र्यांची गलबतं उथळ बुडाची, वारा पडला तरी वल्ह्यांवर चालणारी. मला तर सगळं उत्तर इथेच दिसतं.

खारा वारा:
आणि पोर्तुगीज?

तांडेल:
गलबतवाल्यांचं पटतं, पण निम्मंच. हा हल्ला जमिनीवरून होता. मराठी घोडदळ तुटून पडलं आणि पोर्तुगीजांची फळी मोडली. खुद्द मॅथ्यूजला एका स्वाराचा भाला मांडीत लागला. मग बाजीराव पेशवे आले. पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये त्यांच्याशी वेगळा तह केला, इंग्रज एकटे पडले.

गलबतवाला:
घोडदळाचं मान्य, तेवढं माझ्याकडून राहिलं. कान्होजी १७२९ मध्ये गेले, तोवर कुलाबा त्यांच्याकडेच होता.