हिंगोलीत काम नाही, आयटीआय फिटर आहे: आधी अप्रेंटिस की थेट वाळूजला कंत्राटावर?

सेनगावकर:
सेनगाव तालुक्यात राहतो. दोन वर्षांचा फिटर ट्रेड यंदा पास झालो. इकडं ट्रेडचं काम नाही. हळदीच्या हंगामात मोंढ्यात हमाली, तेवढीच. एक एजंट ५,००० रुपयांत वाळूजला (छत्रपती संभाजीनगरजवळची एमआयडीसी) 'पर्मनंट' लावतो म्हणतोय. जावं का? अप्रेंटिसच्या स्टायपेंडवर तिकडं भागेल का?

शॉपफ्लोअर:
एजंटला एक रुपया देऊ नका. पर्मनंटचं पत्र कंपनी स्वतः देते. पैसे घेणारा माणूस तुम्हाला ठेकेदाराच्या हजेरीवर चढवतो, आणि ते काम गेटवर उभं राहून फुकट मिळतं.

आधी अप्रेंटिस, मग कंत्राट. क्रम उलटू नका, कारण वर्षभराहून जास्त अनुभव असलेला उमेदवार अप्रेंटिसच्या बऱ्याच जाहिरातींत बाद होतो. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला कायद्यानं २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे जागा निघत राहतात. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी करा.

अर्ज अडकतो तो नावावर. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आयटीआयच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नावच गळालेलं. हे आधी आयटीआयमध्ये जाऊन दुरुस्त करून घ्या. दुसरी अडचण बँकेची. स्टायपेंडमधला केंद्राचा वाटा (२५ टक्के, महिना जास्तीत जास्त १,५०० रुपये) थेट खात्यात येतो. आधारची झेरॉक्स बँकेत दिली म्हणजे काम झालं असं नाही; 'डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करा' (म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत म्हणून आधार जोडा) असं स्पष्ट सांगा.

एकट्याची खोली आणि मेस स्टायपेंडमध्ये बसत नाही. चौघांत खोली घ्या आणि कॅन्टीन असलेली कंपनी बघा.

रुळाजवळचा:
रेल्वेतही अप्रेंटिस घेतात, तिथं एक गोष्ट आपल्याकडची पोरं चुकतात. हिंगोली स्टेशन नांदेड विभागात, म्हणजे दक्षिण मध्य रेल्वेत येतं आणि तिचं मुख्यालय सिकंदराबादला आहे. सगळे मुंबईच्या मध्य रेल्वेची जाहिरात बघत बसतात. दोन्हीकडं लक्ष ठेवा. परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. पुढं रेल्वेच्या लेव्हल १ च्या (सगळ्यात खालच्या पदांच्या) भरतीत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात, पण ती परीक्षा द्यावीच लागते. शेवटी मिळणारं एनएसी (अप्रेंटिस पूर्ण केल्याचं) प्रमाणपत्र जपा, त्याशिवाय त्या जागांवर दावा करता येत नाही.

सेनगावकर:
गेटवर ट्रेड टेस्टला काय विचारतात? आणि कंत्राटावर जावंच लागलं तर काय बघायचं?

शॉपफ्लोअर:
व्हर्नियर (जबड्यात धरून माप घ्यायचं साधन) हातात देतात. आधी जबडे मिटवून झिरो एरर (मिटल्यावर माप शून्य दाखवतं का) बघा. तिथंच निम्मी पोरं गळतात, कारण घाईत थेट जॉबला लावतात. मेन स्केल २४ वर, व्हर्नियरची १७ वी रेघ जुळली आणि लिस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ असेल, तर २४ अधिक ०.३४, म्हणजे २४.३४ मिमी. ड्रॉइंगवर '२५ एच७' (भोकाचं माप आणि त्यात चालणारी सूट) दाखवलं तर भोक २५.००० ते २५.०२१ मिमी. 'कशानं मोजाल?' याला व्हर्नियर म्हणू नका. बोअर गेज किंवा प्लग गेज.

कंत्राटावर पगारातून पीएफ १२ टक्के (मूळ पगार व महागाई भत्त्यावर) आणि ईएसआय (दवाखान्याचा विमा) ०.७५ टक्के कापतात. स्लिपवर कापलेला पीएफ भरला का ते तपासा: ठेकेदारानं तो पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, २० ला पासबुक उघडा. ठेकेदार बदलला तरी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) जुनाच द्या, नाहीतर दोन खाती होऊन पैसे काढताना हाल होतात. अप्रेंटिसचा पीएफ कापत नाहीत, त्यात फसवणूक नाही.

आणि ५ तारखेला कामावर लागलात तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० ला हातात येतो. सव्वा महिन्याचा खर्च आणि खोलीचं डिपॉझिट सोबत घेऊनच एसटीत बसा.