मदत हवी आहे: जुन्या पुलाच्या तड्याला वेल्डिंगचा कुठला रॉड?

रंगकाम_मुकादम: पूल जुना आहे. रंग खरवडताना तडा दिसला, बोटभर. वेल्डर उद्या सकाळी येतोय. ७०१८ सांगू की ६०१३? लवकर सांगा, परांची भाड्याची आहे.

घाटमाथा: रेल्वेचा की रस्त्याचा? तडा नेमका कुठे? फोटो टाका.

रंगकाम_मुकादम: इथे रेंज नाही, फोटो नंतर. ओढ्यावरचा आहे, उसाच्या ट्रॉल्या जातात. तडा गर्डरला. रॉडचं सांगा ना.

खटपट्या: ७०१८. आधी रॉड नीट वाळवून घ्या, तड्याला व्हीसारखी खाच पाडा नि वेल्डचे तीन पास (थर) मारा. आमच्या ट्रॉलीची चासी अशीच जोडली, पाच वर्षं झाली, जागची हलली नाही.

धातुवेडी: थांबा! पूल कधीचा?

रंगकाम_मुकादम: पाटी गंजलीय. १८८ दिसतंय, पुढचा आकडा गेला.

धातुवेडी: मग पोलाद नसून घडीव लोखंड असण्याचीच शक्यता जास्त. त्यात धातुमळीचे धागे असतात (स्लॅग, म्हणजे लोखंड बनवताना आत राहणारा मळ; साखर कारखान्यातली मळी नव्हे), लाकडाच्या रेषांसारखे. वेल्डिंगची उष्णता लागली, वेल्ड गार होताना आकसला, की थर सुटू शकतात. वरून वेल्ड सुंदर दिसेल आणि शेजारून नवा तडा निघेल. तुकडा प्रयोगशाळेत द्या. घासून ॲसिड लावलं की धागे दिसतात.

खटपट्या: ताई, आयफेल टॉवर घडीव लोखंडाचाच ना? उभा आहे की १८८९ पासून.

धातुवेडी: आहे. पण वेल्डवर नव्हे, रिव्हेटांवर (ठोकून बसवलेल्या खिळ्यांवर) उभा आहे, आणि त्यावरून ट्रॉल्या जात नाहीत.

सह्याद्रीपुत्र: महाडचा सावित्रीवरचा पूल विसरलात? २ ऑगस्ट २०१६. ब्रिटिशकालीन पूल सगळे पाडा एकदाचे.

घाटमाथा: अहो, तो दगडी कमानींचा होता, पुरात गेला. इथे लोखंडाच्या थकव्याचं (वारंवार भार येऊन तडा जाण्याचं) चाललंय.

निवृत्त_पूलवाला: मुकादम, तडा रिव्हेटच्या टोपीखालून निघालाय का?

रंगकाम_मुकादम: हो! तुम्हाला कसं कळलं? टोपीखालून गर्डरच्या खालच्या कडेकडे गेलाय. तांबूस ओघळ आलाय, पानाची पिंक मारल्यासारखा.

निवृत्त_पूलवाला: बहुतेक वेळा तिथूनच निघतो. भोकाच्या कडेला ताण कैक पटीने साठतो. ट्रॉली आली की ताण, गेली की सैल, असं लाखो वेळा. जर्मन अभियंते व्योलर यांनी रेल्वेच्या चाकांच्या आसांवर (ॲक्सलवर) १८५०-६० च्या दशकांत हेच दाखवलं: जो भार आस एकदा सहज पेलतो, तोच वारंवार आला की मोडतो. तुम्हाला बोटभर दिसतोय, पण टोपीखाली आणखी असणार. रंग काढून लाल पेनिट्रंट (तड्यात मुरणारा रंग) मारा, थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर (मुरलेला रंग वर ओढणारी भुकटी) फवारा. लाल रेघ जिथे संपते तिथे तड्याचं टोक. तिथे भोक पाडतात.

खटपट्या: तडा गेलेल्या गर्डरला आणखी भोक? धन्य!

निवृत्त_पूलवाला: टोक सुईसारखं असतं म्हणून तडा पुढे सरकतो, भोकाने ते बोथट होतं. मात्र केवढं भोक, वर पट्टी बोल्टने कशी आवळायची, हे पूल पाहून डिझाइनरने ठरवायचं. इथे विचारून नाही. ट्रॉल्या आजच बंद करा.

खटपट्या: बोटभर तड्यासाठी?

धातुवेडी: ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ ला कोसळला, ४६ माणसं गेली. तो पोलादाचा होता, कबूल. पण सुरुवात झाली पूल जिच्यावर टांगला होता त्या साखळीच्या एका पट्टीतल्या जेमतेम अडीच मिलीमीटर खोल तड्यातून.

रंगकाम_मुकादम: वेल्डरला येऊ नको म्हणून सांगितलं. साहेब म्हणतात, हंगाम संपेपर्यंत ढकला. तूर्त दोन पिंपं आणि बांबू आडवे टाकून रस्ता अडवलाय, ट्रॅक्टरवाले आईबहिणीवर आलेत.

निवृत्त_पूलवाला: पिंपं काढू नका. साहेबांना लेखी कळवा, पोच घ्या.

सह्याद्रीपुत्र: अवांतर: परांचीचं भाडं दिवसाला किती पडतं तुमच्याकडे? घराला रंग द्यायचाय.