मदत हवी आहे: खराब होऊ लागलेल्या हार्ड डिस्कवरून लहान एसएसडीवर विंडोज आणि फायली कशा हलवाव्यात?

नमस्कार. माझ्या लॅपटॉपमधील १ टीबीची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी ५०० जीबीची अडीच इंची सॅटा एसएसडी बसवायची आहे. सी ड्राइव्हवर सुमारे ११० जीबी आणि डी ड्राइव्हवर २४० जीबी माहिती आहे. नव्या एसएसडीवर प्रत्यक्षात ४६५ जीबी जागा दिसते, तेव्हा सारे मावायला हवे. एसएसडी यूएसबी केबलने जोडून मी संपूर्ण डिस्कचे क्लोनिंग, म्हणजे हुबेहूब प्रत, करून पाहिले, परंतु दोन्ही वेळा ६२ टक्क्यांवर वाचनात त्रुटी येऊन काम थांबले. डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या स्मार्ट अहवालात २४ सेक्टर (डिस्कवरील माहितीचे छोटे कप्पे) प्रलंबित, म्हणजे वाचता न आलेले, दिसत आहेत.

विंडोज नव्याने टाकावे, तर हिशेबाच्या ज्या सॉफ्टवेअरवर माझे बारा वर्षांचे काम आहे त्याची इन्स्टॉल फाइल आता कुठेही मिळत नाही. त्याहून मोठी काळजी डी ड्राइव्हची आहे, कारण आईच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे तेथे आहेत आणि ती आता नाही. त्यांची दुसरी प्रत मी कधीच काढली नाही, याचे फार वाईट वाटते. आधी विंडोजमधील चेकडिस्कने डिस्क दुरुस्त करून घ्यावी का?

प्रतिसाद:

चेकडिस्क कृपया आत्ता चालवू नका. ‘स्लॅश आर’ पर्यायाने ती सबंध डिस्क वाचत बसते, त्यामुळे आधीच थकलेल्या डिस्कवर ताण येतो. शिवाय ती फाइल सिस्टिम सावरते, फाइलमधला हरवलेला भाग परत आणत नाही. सर्वप्रथम ध्वनिमुद्रणे एखाद्या बाह्य डिस्कवर साध्या पद्धतीने कॉपी करा, नंतर डी ड्राइव्हवरील उरलेल्या फायली घ्या, आणि एखादी फाइल अडली तर तिच्यापाशी न थांबता पुढे जा.

त्यानंतर संपूर्ण डिस्क क्लोन करण्याचा आग्रह सोडून फक्त ईएफआय (विंडोज सुरू करणारे), सी आणि रिकव्हरी ही विभाजने, म्हणजे डिस्कचे भाग, एसएसडीवर न्या. खराब सेक्टर डी ड्राइव्हच्या भागात असतील, तर क्लोनिंग त्यांना स्पर्शही करणार नाही. क्लोनझिला हे क्लोनिंगचे सॉफ्टवेअर नवी डिस्क निदान जुनीइतकी मोठी असल्याचे गृहीत धरते, म्हणून विभाजनांचा आकार बदलू देणारे सॉफ्टवेअर निवडा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरील माहिती कूटबद्ध करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर तो आधी बंद करून डिस्कवरील कूटबद्धता पूर्ण निघू द्या आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. पहिल्यांदा सुरू करताना फक्त एसएसडीच जोडलेली असावी, अन्यथा लॅपटॉप नेमका कोणत्या डिस्कवरून सुरू झाला हे कळत नाही. परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्यास विंडोज पुन्हा सक्रिय करावे लागत नाही.

धागाकर्ती:

मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे केले. लॅपटॉप एसएसडीवरून सुरू झाला आणि हिशेबाचे सॉफ्टवेअरही उघडले. एकेचाळीस ध्वनिमुद्रणांपैकी तीन मात्र कॉपी झाली नाहीत. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली आहे. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरील माहिती वाचून काढणारे साधन वापरून त्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमधील पूर्ण प्रत, घेणे मला घरच्या घरी जमेल का, की तिला आता हातच न लावता डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे द्यावे?