दिव्यांग विद्यार्थ्यांची चाळणी, तपासणी आणि पालकांची संमती: कोणत्या टप्प्यावर कोणाची सही घ्यायची?

प्रश्न: मुख्याध्यापक, जि. प. शाळा (१ली ते ८वी)

नमस्कार. आमच्याकडे प्रशस्त ॲपचा (मुलांमधल्या दिव्यांगत्वाच्या प्राथमिक चाळणीचं सरकारी ॲप) भाग १ वर्गशिक्षकांनी भरला. त्यातून चार मुलं पुढच्या तपासणीसाठी निघाली आहेत. दोघं वाचन-लेखनात खूप मागे आहेत (एक २रीत, एक ५वीत), एकाला ऐकू कमी येत असावं आणि एक मूल सगळ्याच बाबतीत वयाच्या मानाने मागे आहे. गट साधन केंद्राकडून तपासणी शिबिराची तारीख येईल.

जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी सगळ्या पालकांकडून "शाळेच्या सर्व उपक्रमांना माझी संमती आहे" असा कागद घेतलेला आहे. तो इथे चालेल का? चारपैकी दोघांचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, मुलं आजीकडे राहतात. मग सही कोणाची? आणि एका वडिलांनी तोंडी सांगितलंय, "माझ्या पोराच्या नावापुढं असलं काही लिहायचं नाही." यूडायसमध्ये (शाळा व विद्यार्थ्यांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंद करायची की नाही?

उत्तर: विशेष शिक्षिका, समावेशित शिक्षण

सर, जूनचा कागद या कामासाठी धरू नका. त्या दिवशी पालकांना ना तपासणी माहीत होती, ना तिचं कारण. सही आहे, पण कशाला दिली ते त्यांनाच सांगता येणार नाही. पुढे तक्रार झाली तर तो कागद शाळेला काहीच आधार देत नाही.

आधी एक गोष्ट वेगळी काढा, कारण बहुतेक शाळा इथेच अडकतात. वर्गातली मदत संमतीसाठी थांबत नाही. पुढच्या बाकावर बसवणं, फळ्यावरचं मोठ्या अक्षरात लिहून देणं, घटक चाचणीत तोंडी उत्तर घेणं, जास्त वेळ देणं हे शिक्षकाचं रोजचं काम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १६ मध्ये अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून अध्यापनाचे योग्य उपाय करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थेवरच टाकली आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची अट नाही. "कागद आला की बघू" म्हणत मुलाचं अख्खं सत्र जातं, ते होऊ देऊ नका.

लेखी संमती लागते ती पुढच्या टप्प्यांना, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी: मुलाला वर्गातून बाजूला घेऊन बाहेरच्या व्यक्तीने चाचणी घेणं, शिबिराला किंवा रुग्णालयात नेणं, यूडीआयडीसाठी (दिव्यांगत्व प्रमाणपत्र व ओळखपत्र) अर्ज करणं, अहवाल दुसऱ्या कोणाला देणं, फोटो किंवा चित्रफीत काढणं. एकाच अर्जावर हे पाच मुद्दे पाच ओळींत छापा आणि प्रत्येक ओळीसमोर "हो" आणि "नाही" अशा दोन चौकटी द्या. तपासणीला हो आणि फोटोला नाही म्हणणारे पालक भरपूर असतात. एकच सही असली की फोटोच्या धास्तीने तपासणीही बारगळते.

अर्जात मुलाचं नाव जनरल रजिस्टरप्रमाणे (शाळेची प्रवेश नोंदवही) लिहा. कोणती तपासणी, कोण करणार, कुठे, कोणत्या तारखेला ते लिहा. कारणाच्या रकान्यात दिव्यांगत्वाचं नाव नको, दिसलेल्या दोन गोष्टी लिहा. "कर्णबधिर वाटतो" नको. "मागून हाक मारल्यावर वळून पाहत नाही, श्रुतलेखनात शब्द गळतात" असं हवं. निदान करणं आपलं काम नाही. प्रशस्तसुद्धा फक्त चाळणी आहे, आणि हेही अर्जात एका ओळीत छापा.

अर्ज दप्तरातून घरी पाठवू नका. मूल तो वाचतं, किंवा शेजारचं मूल वाचतं. पालक सभेत सगळ्यांसमोर सह्या घेणं त्याहून वाईट. आई किंवा वडिलांना एकटं बोलवा, वीस मिनिटं द्या आणि सोबत मुलाची वही ठेवा. वही दाखवली की अर्धं बोलणं आपोआप होतं. अंगठा असेल तर "वाचून व समजावून सांगितले" असं लिहून साक्षीदाराची सही घ्या. साक्षीदार शक्यतो पालकांच्या माहितीतला असावा, शाळेचा कर्मचारी नको. दोन प्रती करा, एक पालकांच्या हातात त्याच दिवशी द्या. कोऱ्या अर्जावर सही घेऊन नंतर मजकूर भरणं मात्र कोणत्याही घाईत करू नका.

तुमच्या २रीतल्या मुलाचं वय आधी पाहा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र ८ वर्षं पूर्ण होण्याआधी मिळत नाही. त्याच्या पालकांना रुग्णालयाच्या फेऱ्या घालायला लावू नका. वर्गातला आधार सुरू करा, दर महिन्याचे लेखनाचे नमुने तारीख टाकून जपा. ५वीतल्या मुलाचं प्रकरण मात्र पुढे न्या.

उत्तर: केंद्रप्रमुख, ऊसतोड पट्टा

स्थलांतराच्या मुलांबद्दल. सही आईची असो वा वडिलांची, एक पुरते. वडिलांचीच हवी म्हणून आईला परत पाठवणारे शिक्षक आहेत, त्याला काही आधार नाही. आजीची सही मुलाला सोबत नेण्यापुरती धरा. तपासणी करायची की नाही हा निर्णय आईवडिलांचाच, त्यांनी आजीला लेखी अधिकार दिला असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून हे काम गणपती ते दसरा या काळातच उरकायचं. कारण साधं आहे. यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करावा लागतो, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या बदलानंतर प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली आहे. दिवाळीनंतर अर्ज केला तर रुग्णालयाचं बोलावणं ऐन हंगामात येतं. तेव्हा आईवडील कारखान्याच्या तळावर असतात आणि आजी एकटी जिल्ह्याला जाऊ शकत नाही.

यूडीआयडीच्या अर्जातल्या तीन चुका वारंवार दिसतात. शिक्षक स्वतःचा मोबाइल नंबर देतात, पुढे बदली होते आणि सगळे संदेश भलत्याच तालुक्यात जातात. आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं नाव जुळत नाही. आधार दुरुस्ती आधी, अर्ज नंतर. तिसरी, फोटो जुना असतो. तो सहा महिन्यांच्या आतला लागतो.

पालक आधीच निघून गेले असतील तर फोनवर दोघांशी बोला. तारीख, वेळ, नंबर आणि काय सांगितलं ते नोंदवहीत लिहा. संमतीच्या अर्जाचा फोटो पाठवून सही केलेल्या अर्जाचा फोटो मागवा आणि मूळ प्रत परतल्यावर घ्या. निव्वळ "फोनवर हो म्हणाले" यावर मुलाला रुग्णालयात नेऊ नका.

उत्तर: वरिष्ठ लिपिक, माध्यमिक शाळा

नोंदींबद्दल लिहितो. प्रशस्तमध्ये खूण आली एवढ्यावरून यूडायसमध्ये दिव्यांगत्वाचा प्रकार भरू नका. प्रमाणपत्र हातात आल्यावर प्रकार आणि टक्केवारी त्यावरूनच उतरवा. ४० टक्क्यांखालीही प्रमाणपत्र मिळतं, पण कायद्यातले बरेच लाभ ४० आणि त्यावरच्यांना आहेत, हे पालकांना अर्जाआधीच सांगा, नाहीतर नंतर शाळेवर राग निघतो. दिव्यांग मुलींना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून दरमहा २०० रुपये, वर्षाला १० महिने असा भत्ता असतो. त्यासाठी बँक खातं लागतं, त्याची चौकशी तेव्हाच करून ठेवा.

संमतिपत्रं आणि अहवाल वेगळ्या फाइलमध्ये, कुलपाच्या कपाटात ठेवा. कोणी फाइल पाहिली त्याची एक पानाची नोंद आत लावा. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर "खालील दिव्यांग विद्यार्थ्यांनी कागदपत्रे आणावीत" अशी नावांची यादी टाकणं ताबडतोब बंद करा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सगळी मुलं बालकं आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती हवी, हे तत्त्व आहे. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शेऱ्यात काही लिहायचं नाही, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

मूळ प्रश्नकर्ते

आभारी आहे. आता नकार देणाऱ्या वडिलांचं काय? त्यांचाच मुलगा ऐकू कमी येणारा आहे. पुन्हा पुन्हा विचारलं तर ते शाळेतून नाव काढतील अशी भीती आहे.

उत्तर: विशेष शिक्षिका, समावेशित शिक्षण

सर, त्यांच्या वाक्यात नकार तपासणीला नाही, "लिहिण्याला" आहे. दोन्ही वेगळे करून विचारा. कान वाहणं किंवा मळ साचणं यानेही ऐकू कमी येतं, आणि ते औषधाने बरं होऊ शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, त्या भेटीत कान दाखवण्यापुरती परवानगी मागा. "चष्म्यासाठी डोळे तपासतो तसे कान" एवढंच बोला. प्रमाणपत्राचा विषय त्या दिवशी काढूच नका.

तरीही नाही म्हणाले तर अर्जावर "नाही" ची खूण आणि सही घ्या. सही द्यायची नसेल तर तुम्ही तारखेसह नोंद करा आणि सत्र संपेपर्यंत विषय बंद ठेवा. दर आठवड्याला विचारणं म्हणजे दबाव, आणि दबावाखाली दिलेली संमती संमती नव्हे. तोवर मुलगा पुढच्या बाकावर, शिक्षकाचं तोंड दिसेल असा. सूचना बोलून झाली की फळ्यावर लिहायची. सत्र संपल्यावर श्रुतलेखनाच्या वह्या घेऊन आईवडील दोघांना बोलवा.

उत्तर: कनिष्ठ महाविद्यालय, समुपदेशक

धाग्यात एक भर, १२वीच्या शाळांसाठी. विद्यार्थी १८ पूर्ण करतो त्या दिवसापासून पालकांची सही पुरत नाही. अध्ययन अक्षमता, अल्पदृष्टी, अस्थिव्यंग असलेला विद्यार्थी स्वतः सही करेल. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ यांचे बोर्डाचे अर्ज भरताना विद्यार्थ्याची जन्मतारीख आधी पाहा, मग सहीचा रकाना भरा.

मूळ प्रश्नकर्ते

नकाराच्या परिणामाबद्दल अर्जात नेमकं वाक्य काय टाकू?

उत्तर: विशेष शिक्षिका, समावेशित शिक्षण

हे टाका, सहीच्या अगदी वर, ठळक अक्षरात: "मी नाही म्हटल्यास माझ्या पाल्याचा प्रवेश, वर्ग, पोषण आहार, पुस्तके व गणवेश यांवर कोणताही परिणाम होणार नाही, व वर्गात मिळणारी मदत चालू राहील. आज दिलेली संमती मी केव्हाही लेखी कळवून मागे घेऊ शकतो/शकते. वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला आहे." घरी पारधी, बंजारा किंवा हिंदी बोलत असतील तर शेवटच्या वाक्यात ती भाषा लिहा, आणि खरोखरच त्या भाषेत सांगणारं माणूस सोबत बसवा. शाळेतलं मोठं भावंड दुभाषी म्हणून घेऊ नका.