‘मेल पाठवला होता’चं इंग्रजी काय?

प्रश्न : आमच्या ऑफिसात ‘आय हॅड सेंट यू द मेल यस्टर्डे’ हे वाक्य सर्रास लिहिलं जातं. मराठीत आपण ‘काल मेल पाठवला होता’ असंच म्हणतो आणि शाळेत पूर्ण भूतकाळ म्हणजे पास्ट परफेक्ट असं शिकलो. मग हे इंग्रजी खटकतं का? आणि काळांचा सराव कसा करावा? तक्ते पाठ आहेत, पण लिहिताना उपयोग होत नाही.

प्रतिसाद : खटकतं, कारण दोन्हीकडचं नाव एक असलं तरी काम वेगळं आहे. इंग्रजीतला ‘हॅड’ भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती ते सांगतो. ‘स्टेशनवर पोचलो तेव्हा डेक्कन क्वीन सुटली होती.’ इथे पोचणं नंतरचं, सुटणं आधीचं, म्हणून ‘हॅड लेफ्ट’ चपखल बसतं. तुमच्या मेलच्या वाक्यात दुसरी घटनाच नाही. वाचणारा मनात विचारतो, ‘कशाच्या आधी पाठवला होता?’

मराठी ‘होता’ याहून बरंच काही करतो. ‘काल नाशिकला गेलो होतो’ म्हणजे गेलो आणि परतलोही. शिवाय ऐकणाऱ्याला कळतं की आता पुढे काहीतरी किस्सा येणार. ‘मेल पाठवला होता’मध्ये तर ‘अजून उत्तर आलं नाही हं’ असा हलका टोमणाही असतो. इंग्रजी ‘हॅड’ हा टोमणा पोचवत नाही. तिथे ‘आय सेंट यू अ मेल यस्टर्डे’ लिहायचं आणि उत्तराची आठवण करायची असेल तर ते वेगळ्या वाक्यात सांगायचं.

‘आहे’चंही तसंच. ‘फॉर्म कालच भरलाय’ हे मराठीत बिनचूक, पण ‘आय हॅव फिल्ड द फॉर्म यस्टर्डे’ चालत नाही. प्रेझेंट परफेक्टला काल, परवा, 2019 साली अशी संपून गेलेली वेळ सोसत नाही. वेळ सांगितली की साधा भूतकाळ. उलट ‘तो दिल्लीला गेलाय’ आणि ‘तो दिल्लीला जाऊन आलाय’ हा आपला भेद इंग्रजीत सहज उतरतो : पहिल्याला ‘हॅज गॉन टू’, दुसऱ्याला ‘हॅज बीन टू’. हे पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा ‘जाऊन आलाय’ लक्षात ठेवलेलं बरं.

दुसरा प्रतिसाद : अमेरिकेत राहतो म्हणून एक भर. ‘जेवलास का?’ला ब्रिटिश माणूस बहुधा ‘हॅव यू इटन?’ म्हणेल, इकडे ‘डिड यू इट यट?’ सर्रास ऐकू येतं. दोन्ही बरोबर. परीक्षेत मात्र बहुधा पहिलंच अपेक्षित असतं.

तिसरा प्रतिसाद : ‘होतं’ दिसलं की ‘हॅड’ नाही, हे ठीक. पण ‘जरा विचारायचं होतं’ हे वाक्य घ्या. प्रश्न आत्ताच विचारायचा असतो, तरी अदबीने ‘होतं’ वापरतो. इंग्रजीतही नेमकं तेच करतात, ‘आय वॉन्टेड टू आस्क’. त्यामुळे मराठीला सरसकट गुन्हेगार ठरवू नका.

प्रश्नकर्ती : पटलं. मग ‘दहा वर्षांपासून पुण्यात राहतेय’चं काय? ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स’ लिहिलं की लाल रेघ मिळते.

पहिला प्रतिसाद : त्यात दोन गोष्टी अडकल्या आहेत. आपला ‘पासून’ सुरुवात आणि कालावधी दोन्ही सांगतो : ‘2015पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’. इंग्रजीत सुरुवातीला ‘सिन्स’, कालावधीला ‘फॉर’. शिवाय तेव्हा सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला मराठीत वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं.

आता सरावाचं. कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप लिहा, हा प्रकार मला फारसा आवडत नाही. त्यात ‘यस्टर्डे’ दिसला की मुलं डोळे मिटून भूतकाळ टाकतात, अर्थाकडे बघतच नाहीत. राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी ‘आय डिड नॉट वेन्ट’ ऐकू येतंच. येणारच, कारण ‘मी गेलो नाही’मध्ये नकार आला तरी ‘गेलो’ जागचा हलत नाही. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’वर जाऊन बसतो आणि क्रियापद मूळ रूपात उरतं. ही अदलाबदल तक्त्याने कळत नाही, तोंडाने बोलून कळते.

तुम्ही असं करून बघा. दिवसभरात व्हॉट्सॲपवर लिहिलेली स्वतःची चार-पाच मराठी वाक्यं घ्या, ज्यांत ‘होता’, ‘आहे’, ‘असतो’ आलेत. इंग्रजी करण्याआधी प्रत्येकाला विचारा : हे घडलं कधी, संपलं का, आणि त्याच्याआधी किंवा नंतर आणखी काही सांगितलंय का? काळाचं नाव शेवटी. ‘तू आलास तर’सारखी वाक्यं मुद्दाम घ्या, कारण मराठीत भूतकाळाचं रूप, अर्थ उद्याचा आणि इंग्रजीत साधा वर्तमान, ‘इफ यू कम’. तिथे ‘इफ यू विल कम’ लिहिण्याची हुक्की फार येते.

चौथा प्रतिसाद : आणि स्वयंपाकघरातून ‘आले, आले!’ म्हणतो त्याचं?

पहिला प्रतिसाद : ‘कमिंग!’ अजून पाऊल उचललेलंही नसतं, पण मराठीत पोचलेलो असतो.