मदत हवी आहे: तळहाताच्या घामासाठी घरी कुठलं मशीन घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात चादरीच्या दुकानात हिशेब लिहितो. तळहाताला इतका घाम की पावतीपुस्तकावर हाताखाली रुमाल ठेवतो, तरी शाई फुटतेच. उन्हाळ्याचं सोडा, डिसेंबरातही तेच! ॲल्युमिनियम क्लोराइडचं लोशन लावून पाहिलं, नुसती आग झाली. आता डॉक्टरांनी आयंटोफोरेसिस सुचवलंय: नळाच्या पाण्याच्या दोन ट्रेमध्ये हात, सौम्य करंट, 20 मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून 3 वेळा. पेसमेकर नाही ना, हेही विचारून घेतलं.

घरी कुणी वापरतं का? साधा डीसी (सलग एकसारखा करंट देणारा) घ्यावा की पल्सवाला (तुटक-तुटक झटक्यांत करंट देणारा)? पल्सवाला कमी झोंबतो म्हणे, पण गुण कशाने लवकर येतो? मला बॅटरीवरचं बरं वाटतं, भिंतीतल्या प्लगला जोडून पाण्यात हात घालायचं धाडस नाही. ट्रेमध्ये तळपायही मावायला हवेत.